नववीचं सौभद्र

स्नेहसंमेलनात 'संगीत सौभद्र' करायचं ठरलं आणि मी सगळ्यात आधी पेन्सिल घेऊन ते कापायला बसले. मूळ नाटक पाच अंकांचं, त्यात शंभराहून जास्त पदं. पूर्वी संगीत नाटक रात्री सुरू झालं की उजाडेपर्यंत चालायचं आणि बघणारेही त्याच तयारीने यायचे. आम्हाला मिळणार होता दीड तास, तोही पाहुण्यांचं भाषण आटोपशीर झालं तर. स्टाफरूममध्ये सगळ्यांचा सल्ला एकच, "एखादा प्रवेश बसवा की, अख्खं नाटक कशाला?" पण एक प्रवेश म्हणजे मुलांच्या लेखी पाठांतराची स्पर्धा. गोष्ट सुरू होऊन संपली, तरच आपण कोण आहोत आणि इथे कशासाठी उभे आहोत हे त्यांना कळतं. हे माझं मत जुनं आहे आणि ते मी सोडलं नाही.

कापताना एका गोष्टीचा धीर होता. १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात सौभद्राचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा खुद्द नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनीही पहिले तीनच अंक केले होते. संपूर्ण नाटक पुढच्या वर्षी रंगभूमीवर आलं. तेव्हा आपण थोडं कमी केलं तर पाप लागणार नाही, असं स्वतःला सांगून मी प्रत्येक पदापुढे प्रश्न लिहीत गेले: हे काढलं तर गोष्ट अडते का? ज्या पदात कुणीतरी कुणालातरी काही विचारतं, विनवतं, समजूत घालतं, ती बहुतेक राहिली. नुसती वर्णनाची पदं गेली. काही लाडकी पदंही गेली. 'अरसिक किती हा शेला' गेलं तेव्हा आमचे पेटीवाले काका दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. शेवटी पंधरा-सोळा पदं उरली, आणि तीही बहुतेक एकेका कडव्याची.

शाळेत संगीताचे शिक्षक नाहीत. मी मराठी शिकवते, वृत्तं शिकवते, पण गळा माझा बेताचाच. काका गावातल्या भजनी मंडळात पेटी धरतात, आणि संगीत नाटकांची पदं त्यांना तोंडपाठ. तबल्याला आठवीतला एक मुलगा मिळाला. दहावीच्या मुलांना घ्यायचं नाही, असं मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे कामाला आठवी आणि नववी.

निवड करताना मी कुणालाही गायला लावलं नाही, वाचायला लावलं. काकांना ते पटलं नाही. "संगीत नाटकात आधी गळा बघतात बाई, मग बाकीचं." मी म्हटलं, "गळा तुम्ही बघा, बाकीचं मी बघते, आणि मग भांडू." भांडणही झालं. ज्या मुलींना गाता येत होतं त्यांपैकी निम्म्या पुस्तकासारखं बोलायच्या. ज्या मुलांना रंगमंचावर सोडलं की मजा यायची, त्यांना सूर म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. शेवटी कृष्णाचं काम नववीतल्या एका मुलीला दिलं, रुक्मिणीही मुलगीच, सुभद्रा मुलगी, नारद मुलगी. अर्जुन, बलराम आणि घटोत्कच मुलगे. किर्लोस्करांच्या काळी सुभद्रेचं काम भाऊराव कोल्हटकर करायचे, हे मी मुलांना सांगितलं. पुरुष सुभद्रा होत असे, तर मुलगी कृष्ण झाली म्हणून काय बिघडलं? वर्गात एकदाच हसू झालं आणि तो विषय मिटला.

कृष्ण मुलगी असण्याचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. कृष्ण आणि रुक्मिणी एकाच प्रवेशात पाठोपाठ गातात. दोघीही काळी चार या एकाच पट्टीत गात असल्यामुळे काकांना प्रवेशाच्या मध्यात पट्टी बदलावी लागली नाही. मुलगा आणि मुलगी असते तर एकाला फार वर ओढावं लागलं असतं किंवा दुसरीचा आवाज खाली गेल्यावर ऐकूच आला नसता. शाळेच्या नाटकात ही अडचण कायमची आहे आणि तिचा विचार भूमिका वाटतानाच झालेला बरा.

गोष्ट मुलांना पटकन कळली. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचा जीव अर्जुनावर. तीर्थयात्रेला निघालेल्या अर्जुनाला ही बातमी नारदाकडून कळते आणि तो थेट संन्यास घेतो. कृष्णाच्या डोक्यात वेगळीच योजना शिजत असते. घटोत्कच सुभद्रेला उचलून रानात नेतो, आणि पुढे साधुभोळा बलराम त्याच तोतया यतीला, म्हणजे अर्जुनाला, वाड्यात आणून सुभद्रेलाच त्याच्या सेवेला लावतो. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर सिरीयल झाली." खरं तर त्यात काही खोटं नाही. नाव द्वारकेचं, पण माणसं बोलतात ती त्या काळातल्या मराठी घरातल्यासारखी. पुराणातले देव म्हणून मुलं आधी ताठ उभी राहत होती. मी त्यांना सांगितलं की मुकुट विसरा, हे तुमच्या घरातल्या लग्नाच्या बोलणीचं नाटक आहे. बलराम झालेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी आपल्या मोठ्या काकांची चाल उचलून आणली. ती तशीच ठेवली.

खरं काम पदांपाशी सुरू झालं.

कृष्णाच्या तोंडी दिंडी वृत्तातलं एक पद आहे, 'बहुत दिन नच भेटलो सुंदरीला'. रुक्मिणीकडे बरेच दिवस गेलेलो नाही, आता ती रागावली असणार, या विचारात तो निघालाय. दिंडीच्या चरणात १९ मात्रा असतात, नऊ झाल्या की यती, म्हणजे थांबा, आणि मग दहा. मुलांना टाळ्या वाजवून मोजायला लावलं. 'बहुत' तीन, 'दिन' दोन, 'नच' दोन, 'भे' दोन, झाल्या नऊ. 'टलो' तीन, 'सुंद' तीन, 'री' दोन, 'ला' दोन, झाल्या दहा. हिशेब चोख. पण यती पडतो तो नेमका 'भेटलो' या शब्दाच्या पोटात. आमचा कृष्ण वृत्ताला इतका प्रामाणिक की 'बहुत दिन नच भे' म्हणून श्वास घ्यायचा आणि मग 'टलो सुंदरीला' म्हणायचा. रुक्मिणी विंगेत तोंडावर ओढणी घेऊन हसायची. पुढचे चार दिवस शाळेच्या आवारात जो तो एकमेकांना विचारत होता, "काय रे, भे?" आणि समोरून उत्तर यायचं, "टलो!"

यावर नुसतं 'थांबू नकोस' सांगून भागत नाही. थांबली नाही तर ठेका निसटतो. मी तिला आधी पद बाजूला ठेवून साध्या बोलण्यात वाक्य म्हणायला लावलं. बरेच दिवस भेटलो नाही तिला. कसं म्हणशील? थोडं ओशाळून, थोडं खट्याळपणे. मग तेच शब्द पदातले, पण चालीशिवाय. मग मी टाळीने मात्रा धरल्या आणि तिने त्यावर बोलायचं. चाल सगळ्यात शेवटी. तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मला व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. "बाळ, थांबा पेटीला देऊन टाक. तू चालत राहा." म्हणजे यती तालात राहील, श्वासात नाही. 'भे'वर सूर धरून ठेवायचा, त्याच श्वासात 'टलो'वर उतरायचं आणि श्वास घ्यायचा तो 'सुंदरीला' झाल्यावर. आठवड्याभरात जमलं. आणि ते जमल्यावर तिला त्या लांबलेल्या 'भे'मध्ये रुक्मिणीच्या दाराकडे चोरून बघायला वेळ मिळाला. अभिनय तिथे आपोआप घडला, मी काही शिकवला नाही.

सुभद्रेची अडचण वेगळी होती. तिचा आवाज चांगला, शिकवणीला जाते, स्पर्धांमध्ये गाते. त्यामुळे पद आलं की ती आपोआप दोन पावलं पुढे यायची, प्रेक्षकांकडे तोंड करायची, हात पोटाशी जुळवायची आणि डोळे मिटून गायला लागायची. 'वद जाऊ कुणाला शरण ग' हे पद तिने असं म्हटलं की ऐकायला गोड, पण सुभद्रा कुठे गेली ते कळेना. मी तिच्या सखीला, कुसुमावतीला, तिच्यापासून हातभर अंतरावर बसवलं आणि विचारलं, "या पदात 'अग सखये' कुणाला म्हणतेस?"

"हिला."

"मग हिला सांग. आम्हाला कशाला सांगतेस?"

पुढच्या तालमीला कुसुमावतीला मी एक गुपचूप सूचना दिली होती. सुभद्रा तुझ्याकडे बघत नाही असं वाटलं की तू उठून चालायला लागायचं. ती खरंच उठली. सुभद्रेने गाता गाता तिचा पदर धरून तिला खाली बसवलं, आणि त्या धडपडीत 'मी धरिन चरण त्याचे' ही ओळ इतकी खरी आली की काकांनी पेटीवरून मान वर केली. पदर धरणं तसंच राहिलं. सूर त्या जागी थोडा हलायचा. मी तो हलू दिला.

इथे माझं एक मत सांगून टाकते, जाणकारांना आवडणार नाही कदाचित. संगीत नाटक मोठ्या गवयांच्या हाती गेलं आणि पुष्कळ समृद्ध झालं, हे खरं. पण पदाची मैफल झाली की समोरचं पात्र बिचारं पंधरा मिनिटं कुठे बघावं या विवंचनेत उभं राहतं. किर्लोस्करांच्या चाली बघा. साकी, दिंडी, कामदा या वृत्तांच्या चाली, कीर्तनातल्या चाली, लावणीच्या वळणाच्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कानडी मुलखातून उचललेल्या. लोकांच्या कानांवर आधीच असलेल्या चाली, बोलता बोलता म्हणता येतील अशा. आमच्या मुलांना ताना येत नव्हत्या, आणि मला तर वाटतं ते बरंच झालं. एक कडवं, साधी चाल, आणि लगेच पुढचं वाक्य. पद कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे काही ठिकाणी कळतही नव्हतं. सुभद्रेला मात्र तानेची हौस होती. तिला मी शेवटच्या अंकात एक जागा मोकळी ठेवली, तिथे काय हवं ते कर म्हटलं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि अर्जुन शाळेत आला तो वेगळाच आवाज घेऊन. सुट्टीआधी पोरगा छान गात होता. आता वरचा सूर लावायला गेला की आवाज फुटायचा आणि खाली आला की घोगरा व्हायचा. मुलगे ओठ दाबून हसायचे. तो दोन तालमींना आलाच नाही. तिसरीला आला तेव्हा पदं सगळी खालच्या पट्टीत नेऊन बघितली, पण अडचण पट्टीची नव्हती. कुठला सूर कधी दगा देईल याचा त्याला स्वतःलाच अंदाज नव्हता. चौदाव्या वर्षी हे होणारच. काका म्हणाले, काम बदला. नाटक अडीच आठवड्यांवर आलेलं, संवाद त्याचे चोख पाठ, आणि अर्जुन म्हणून तो उभा राहिला की अर्जुनच वाटायचा. मी काम बदललं नाही.

उपाय मराठी रंगभूमीच्या इतिहासातच होता. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पात्रं गात नसत. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पद म्हणायचे, आणि पात्रं त्यावर अभिनय करून मग आपल्या शब्दांत बोलायची. किर्लोस्करांनी १८८० च्या 'शाकुंतला'त पदं पात्रांच्या तोंडी दिली, ती त्यांची मोठी करामत. आम्ही एकट्या अर्जुनाला चाळीस वर्षं मागे नेलं. पेटीशेजारी दोन मुली आणि एक मुलगा असे तिघं बसवले. अर्जुनाने पदाची पहिली ओळ चालीशिवाय, पण मात्रा धरून बोलायची. ओळ संपली की त्या तिघांनी ती उचलायची आणि पद पूर्ण करायचं. तोवर अर्जुनाने नुसतं असायचं, म्हणजे ऐकायचं, चालायचं, चिडायचं.

काकांनी कपाळाला हात लावला. "बाई, हे कीर्तन झालं." झालं तर झालं. पण पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा गंमत अशी झाली की गाण्यातून सुटलेल्या अर्जुनाचा चेहराच बोलायला लागला. सुभद्रा दुसऱ्याला दिल्याचं नारदाकडून कळतं त्या ठिकाणी तो धनुष्य खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गाणारे तिघं त्याच्याकडे बघत गात होते आणि तो थांबला की थांबत होते. पुढे पुढे तर काकाही त्याच्या हाताकडे बघून पेटी सोडायला लागले. पुढच्या तालमींत त्यांनी कीर्तनाचं नाव काढलं नाही, बरं झालं असंही म्हणाले नाहीत.

त्याच प्रवेशावर मुलग्यांचा मोठा आक्षेप होता. "बाई, लग्न ठरलं म्हणून लगेच संन्यास?" मी सांगितलं की तुम्हाला हसू येतंय ना, मग प्रेक्षकांनाही आलं पाहिजे. फक्त अर्जुनाला येता कामा नये. तो जितका गंभीर, तितकी मजा.

मुलींचा प्रश्न जास्त टोकदार होता. सुभद्रेला कुणी विचारलं का? बलराम परस्पर लग्न ठरवतोच कसा? हा वाद तालमीच्या सुरुवातीला निघाला आणि त्या दिवशी तालीम झालीच नाही. बलराम झालेला मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "मी मोठा भाऊ आहे. मी तिचं वाईट करीन का?" सुभद्रा उसळून म्हणाली, "वाईट करशील असं कोण म्हणतंय? तू विचारत नाहीस!" मी म्हटलं, थांबा, हाच आवाज ठेवा आणि आता संहितेतला संवाद म्हणा. सव्वाशे वर्षांपेक्षा जुने शब्द, पण दोघंही ते खरंच भांडत असल्यासारखे म्हणायला लागले. किर्लोस्करांनी बलरामाला खलनायक केलेलं नाही. तो प्रेमळ आहे, भाबडा आहे, आणि तरीही अन्याय करतोय. नववीच्या मुलींना हे समजावून सांगावं लागलं नाही.

शृंगाराची मात्र मला धास्ती होती. 'नच सुंदरी करू कोपा, मजवरि धरि अनुकंपा' हे चौदा वर्षांच्या मुलांनी म्हणायचं, समोर सगळी शाळा. दोघीही मुली असल्यामुळे निम्मा संकोच गेला. उरलेला निम्मा गेला तो रुक्मिणीमुळे. ती मुळात हजरजबाबी. रुसून बसायचं म्हटल्यावर तिने रुसण्याचे प्रकार सुचवायला सुरुवात केली. पाठ करायची, मग पानाचं तबक सारखं सरळ करत बसायचं, मग कृष्ण डावीकडून आला की उजवीकडे वळायचं आणि उजवीकडून आला की डावीकडे. कृष्णाला ते पद एका जागी उभं राहून म्हणताच येईना. तो तिच्याभोवती फेऱ्या घालत विनवण्या करत राहिला, आणि प्रवेश लाजण्याचा न राहता मनधरणीचा झाला. मला तो तसाच लिहिलेला वाटतो.

घटोत्कचाबद्दल सांगायलाच हवं. आमच्या संहितेत त्याला पद एकही नाही, काम छोटं, पण वर्गातल्या सगळ्यात आडदांड मुलाला ते मिळाल्यावर त्याने घरून दोन प्रकारच्या मिशा आणल्या. त्याने सुभद्रेला उचलून न्यायचं, ही खरी पंचाईत. मुलाने मुलीला उचलणं शाळेत चालणार नव्हतं, आणि चाललं असतं तरी तोल जाण्याची भीती. बाहुली करून बघू, खाटेवरून नेऊ, अशा चर्चा झाल्या. शेवटी त्यानेच सुचवलं, "बाई, मी राक्षस आहे ना? मला माया येते. मी हात नुसते वर करतो, ती झोपेत चालत येईल." निळा उजेड, तबल्याचा हलका ठेका, तो उलट पावलांनी मागे सरकतोय आणि त्याच्या हातांच्या इशाऱ्यावर सुभद्रा मिटल्या डोळ्यांनी चालत निघालीय. हात न लावता हरण. रंगीत तालमीत छोट्या वर्गातली मुलं तिथे एकदम गप्प झाली.

कपडेपट, मुकुट आणि दागिने भाड्याने आणले. बलरामाचा मुकुट मोठा निघाला, आतून वर्तमानपत्र कोंबलं. एवढंच.

प्रयोगाच्या दिवशी विंगेमागे नटराजाची तसबीर ठेवून नारळ फोडला. तिसरी घंटा झाली. नांदी म्हणून 'पंचतुंड नररुंडमालधर' घेतली होती. ती मुळात 'शाकुंतला'ची, पण संगीत नाटक म्हटलं की लोकांना तीच हवी असते. 'विघ्नवर्गनग भग्न कराया' या ओळीवर तालमीत सगळ्यांच्या जिभा अडखळायच्या, म्हणून ती आम्ही शब्द फोडून फोडून घोटली होती. त्या दिवशी वीस जणांच्या तोंडून ती एकसाथ सुटली. माझ्या शेजारी संहिता घेऊन बसलेली आठवीतली मुलगी प्रॉम्प्टर होती. तिने सुटकेचा श्वास टाकला तो माइकने पकडला आणि सभागृहभर ऐकू गेला.

पहिल्या प्रवेशात नारदाच्या चिपळ्या माइकच्या फार जवळ वाजल्या. 'राधाधर मधुमिलिंद'चे शब्द त्याखाली बुडून गेले. नारदाच्या ते लक्षात आलं. तिने चिपळ्या कमरेच्या मागे नेल्या आणि पुढचं पद तसंच म्हटलं. अर्जुनाच्या संन्यासाला भरपूर हशा आला, आणि तो मात्र एकदाही हसला नाही. घटोत्कचाच्या प्रवेशाला मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. बलरामाच्या चालीला पालकांमधून एकाच कोपऱ्यातून जोरात टाळ्या आल्या. ते त्याचे मोठे काकाच होते, हे नंतर कळलं.

'वन्स मोअर' घ्यायचा नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. वेळ नव्हता हे एक कारण. दुसरं म्हणजे कुसुमावतीला एकदा सांगितलेलं दुःख सुभद्रा पुन्हा पहिल्यापासून कशी सांगेल? पण 'प्रिये पहा' झालं आणि पुढच्या दोन रांगांतल्या आजीआजोबांनी ऐकलंच नाही. पद चालू असतानाच ते बरोबर गुणगुणत होते. संपल्यावर टाळ्या, आणि मग "वन्स मोअर! वन्स मोअर!" कृष्णाने विंगेत माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. टाळ्या थांबेनात. काकांचा हात भात्यावर, सूर धरलेला, ते कधीचे तयार. कृष्ण बिचारा मध्ये अडकला. रात्र सरून उषःकाल होतोय असं सांगणारं ते पद. तेवढ्यात रुक्मिणी खिडकीकडे गेली, बाहेर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "नाथ, उजाडलं ते उजाडलं. पुन्हा उषःकाल पाहायचा तर आता उद्यापर्यंत थांबायला हवं."

सभागृह कोसळलं. संहितेत नसलेलं हे वाक्य तिने संहितेच्या थाटात टाकलं होतं, 'नाथ' सकट. कृष्णही सावरला, "जशी आज्ञा" म्हणून पुढच्या वाक्यावर गेला, आणि काकांनी हसत हसत भाता मिटला. प्रॉम्प्टर मुलगी पानं उलटसुलट करत मला विचारत होती, "बाई, हे कुठल्या पानावर आहे?"

सुभद्रेने शेवटच्या अंकातल्या आपल्या मोकळ्या जागेत काय केलं? एक छोटी तान घेतली, अर्जुनाकडे बघत घेतली, आणि थांबली. मला वाटलं होतं ती पाच मिनिटं सोडणार नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "त्याला उत्तर द्यायचं होतं ना बाई, ताटकळत किती ठेवणार?"

नाटक पंच्याण्णव मिनिटं चाललं. त्यामुळे बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी उरकला, आणि त्यावरून मला ऑफिसात बोलावणं आलं ते वेगळंच.

आता ही मुलं दहावीला जातील, म्हणजे त्यांचं नाटक संपलं. आठवीतली मात्र आतापासून मागे लागली आहेत. कृष्ण-रुक्मिणी नकोत, मुलींना देवलांचं 'संगीत शारदा' हवंय. १८९९ चं नाटक, कोवळ्या शारदेचं लग्न पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघालेल्या बापाचं. सुभद्रेला कुणी विचारलं का, हा वाद ज्या दिवशी झाला, त्या दिवशी तबल्यावरचा मुलगा आणि प्रॉम्प्टर या दोघांनी तो कान देऊन ऐकला होता. काका संहिता घेऊन आलेसुद्धा, आणि या वेळी पदं मी एकटीने कापायची नाहीत, अशी त्यांची अट आहे. शारदेच्या कामासाठी सहा मुलींची नावं आली आहेत. भुजंगनाथासाठी अकरा जणांची, आणि त्यात सगळ्यात वर आमचा घटोत्कच. त्याला सांगितलं, अरे, तू दहावीत जातोयस. म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याचं तर काम आहे. बसून करीन, अभ्यास बुडणार नाही."